वादविद्या, भारतीय

वादविद्या : विरुद्ध मते असलेल्या दोन पक्षांनी ठराविक नियमांना अनुसरून करावयाच्या चर्चेचे शास्त्र. कोणते विधान प्रस्तुत, कोणते अप्रस्तुत, वादी केव्हा हरला असे समजावे आणि हा निर्णय कोणी द्यावा, या प्रश्नांचा विचार या शास्त्रात केला जातो. न्यायदर्शनात अशा चर्चेला ‘कथा’ ही सामान्य संज्ञा असून वाद, जल्प व वितंडा असे तिचे तीन प्रकार मानलेले आहेत.

जाहीर चर्चेची प्राचीन उदाहरणे उपनिषदांत आढळतात. बृहदारण्यकोपनिषदात जनकाच्या यज्ञप्रसंगी याज्ञवल्क्याला अनेक विद्वानांनी प्रश्न विचारल्याचे वर्णन आहे. त्यांत गार्गीही होती. एक हजार गाई हे विजेत्याचे पारितोषिक होते. तथापि उत्तर देता न आल्याने शाकल्याचे मस्तक गळून पडले, असेही तेथे सांगितले आहे. पराभवाची ही कल्पना भयंकर असली, तरी प्रश्न कोठवर विचारावा याला मर्यादा असते, ही जाणीव त्या संवादात दिसते. बौद्ध परंपरेत मोग्गलिपुत्त तिस्स याच्याकडे कर्तृत्व दिलेल्या कथावत्थु या ग्रंथात प्रतिपक्षाकडून एक विधान कबूल करून घेऊन त्याच्याशी विसंगत असे त्याचे दुसरे विधान पुढे मांडण्याची पद्धती आढळते. मिलिंदपञ्हात नागसेन राजाला विचारतो, की चर्चा पंडितांच्या रीतीने करावयाची की राजांच्या? पंडितांच्या चर्चेत चूक दाखविली जाते, ती मान्यही केली जाते व कोणी रागावत नाही. राजाच्या चर्चेत त्याचे म्हणणे अमान्य करणाऱ्याला दंड होतो. वादाचे नियम कशासाठी हवेत, याचे उत्तर या भेदातच आहे. बळाचा धाक दूर झाल्याशिवाय युक्तिवादाला वजन येत नाही.

नियमांची सविस्तर मांडणी चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात मिळते. वैद्याने वैद्याशी चर्चा करावी, त्यामुळे ज्ञान वाढते व संशय फिटतो, असे तेथे सांगून चर्चेचे दोन प्रकार केले आहेत : स्नेहभावाने होणारी ‘संधाय संभाषा’ व जिंकण्यासाठी होणारी ‘विगृह्य संभाषा’. वैद्यांचा वाद आयुर्वेदापुरताच असावा, अन्यत्र जाऊ नये, असा स्पष्ट दंडक तेथे आहे. आयुर्वेदाची चर्चा चालू असता बृहस्पतीच्या वा उशनसाच्या शास्त्रातील असंबद्ध गोष्टी आणणे हा ‘आधिक्य’ नावाचा दोष होय. ज्वराची लक्षणे सांगावयाची असता प्रमेहाची लक्षणे सांगणे हे ‘अर्थांतर’ होय. रुग्णाचे हित पणाला लागलेल्या व्यवसायात विषयाला सोडून बोलणे किती घातक ठरते, हे या उदाहरणावरून ध्यानी येते. मात्र हाच ग्रंथ विगृह्य संभाषेत अल्पश्रुत प्रतिस्पर्ध्याला लांबलचक सूत्रपाठाने दडपून टाकावे, असा सल्लाही देतो. अप्रस्तुत पांडित्याचा उपयोग शस्त्रासारखा होतो, याची ग्रंथकाराला पूर्ण जाणीव होती. प्रतिकूल मनाच्या श्रोत्यांपुढे मात्र वाद करूच नये, असे त्याचे मत आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत या विद्येला शास्त्रीय घाट मिळाला. त्यानुसार प्रमाण व तर्क यांच्या आधारे, स्वसिद्धांत न सोडता, पाच अवयवांच्या अनुमानाने होणारी चर्चा म्हणजे वाद. गुरू, शिष्य, सहाध्यायी व मत्सररहित जिज्ञासू यांच्याशी तो करावा. विजयाकरिता छल, जाती व निग्रहस्थाने यांचाही आश्रय घेतला, तर तो जल्प. स्वतःचा पक्ष सिद्ध न करता केवळ परपक्षाचे खंडन करणे म्हणजे वितंडा. कोवळ्या रोपांच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसे तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी जल्प व वितंडा वापरावीत, असे समर्थन न्यायसूत्रांत केलेले आहे.

पराभवाची स्थाने म्हणजे निग्रहस्थाने. न्यायसूत्रांत ती बावीस सांगितली आहेत. अर्थांतर हे त्यांपैकीच एक. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात त्याचे मार्मिक उदाहरण दिले आहे : शब्द नित्य आहे, कारण त्याला स्पर्श नाही, हा हेतू मांडल्यावर तो लंगडा असल्याचे ध्यानात येताच वादी ‘हेतू’ या शब्दाचा धातू कोणता, प्रत्यय कोणता, पदांचे प्रकार किती, हे सांगू लागतो. त्याचे व्याकरण चुकीचे नसते. परंतु त्याने प्रस्तुत प्रश्नाची सिद्धी होत नाही. विधान सत्य असणे आणि ते प्रस्तुत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणाने दाखविले आहे. आपल्यावरील आरोपाचे निराकरण न करता ‘हा दोष तुमच्याही पक्षात आहे’ असे म्हणणे (मतानुज्ञा), कामाचे निमित्त करून चर्चा मोडणे (विक्षेप), प्रतिपक्षाचे विधान सभेला समजले असता व ते तीनदा सांगूनही त्याचा अनुवाद न करणे (अननुभाषण) ही इतर काही निग्रहस्थाने होत. जेथे दोष नाही तेथे तो लावणे (निरनुयोज्यानुयोग) हाही पराभवच. त्यामुळे नियमांचा दुरुपयोग करणाऱ्यालाही आळा बसतो.

या यादीवर पुढे कठोर टीका झाली. बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्ती (सातवे शतक) याने वादन्यायात बावीस स्थानांचे खंडन करून दोनच दोष मानले : सिद्धीला आवश्यक ते न सांगणे किंवा अनावश्यक ते सांगणे हा वादीचा, आणि खरा दोष न दाखविणे किंवा नसलेला दोष दाखविणे हा प्रतिवादीचा. अशा रीतीने प्रस्तुतता हाच जयपराजयाचा मुख्य निकष ठरला. जैन तार्किक अकलंकाने याही पुढे जाऊन, केवळ दुसऱ्याची चूक दाखवून कोणी जिंकत नाही, स्वपक्ष सिद्ध करणे हाच जय, असे प्रतिपादिले. हेमचंद्रानेही (बारावे शतक) हीच भूमिका प्रमाणमीमांसेत घेतली. जिभेच्या एखाद्या चुकीने सत्याचा निकाल लागू नये, असा या मतामागील आशय आहे. हा प्रश्न केवळ पोथीतला नव्हता. 1125 मध्ये अणहिलवाड पाटण येथे जयसिंह सिद्धराजाच्या दरबारात श्वेतांबर देवसूरी व दिगंबर कुमुदचंद्र यांच्यात प्रसिद्ध वाद झाला. स्त्रियांना मोक्ष मिळू शकतो की नाही, हा त्यातील एक प्रमुख विषय होता. राजसभेतील अशा निकालांवर संप्रदायांची प्रतिष्ठा अवलंबून असे.

महाराष्ट्रात जाहीर धर्मचर्चेचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी (1825–71) व ख्रिस्ती मिशनरी यांच्यात झालेला वादविवाद होय. न्यायशास्त्रातील संज्ञांचा भीमाचार्य झळकीकर यांनी सिद्ध केलेला न्यायकोश हा संस्कृत कोश या विषयाच्या अभ्यासकांना आजही उपयुक्त आहे. विसाव्या शतकात बिमल कृष्ण मतिलाल (1935–91) यांनी भारतीय तर्कशास्त्राचा उगम वादपद्धतीत कसा आहे, हे विशद केले.

मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द निष्फळ भांडणासाठी रूढ झाला, तर ‘पूर्वपक्ष’ हा शब्द विद्वच्चर्चेत टिकून राहिला. पूर्वपक्ष म्हणजे ज्याचे खंडन करावयाचे ते मत. ते मांडताना प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा स्वरूपात आधी सांगणे आणि मगच त्याला उत्तर देणे, ही शास्त्रग्रंथांतील उत्तम लेखकांची शिस्त होती. निग्रहस्थानांची यादी मागे पडली, तरी या शिस्तीचे महत्त्व कमी झालेले नाही. कारण ज्याचे म्हणणे नीट ऐकले गेले नाही, त्याचा पराभव झाला असे म्हणता येत नाही.