धागा: खाते शाखेचे की बँकेचे? भारतीय बँकांच्या संगणकीकरणाची चाळीस वर्षे

१/
१९८० साली साताऱ्याच्या एखाद्या शिक्षकाचे खाते तेथील राष्ट्रीयीकृत बँकेत असे. मुंबईत त्याला अचानक पैशांची गरज पडली, तर त्याच बँकेची दादरची शाखा त्याच्या फारशा उपयोगाची नसे. पाटीवरचे नाव तेच, बोधचिन्ह तेच. पण दादरच्या कारकुनाला त्याची शिल्लक कळण्याचा मार्ग नव्हता. ती साताऱ्यातल्या एका जाड खातेवहीच्या एका पानावर होती आणि फक्त तेथेच होती.

२/
आज तोच शिक्षक दादरच्या फलाटावर चहाचे पैसे मोबाइलवरून देतो. या दोन दृश्यांमधला काळ हा आजच्या धाग्याचा विषय. ‘संगणक आले आणि सगळे बदलले’ असे आपण सहज म्हणतो. पण संगणक शाखांमध्ये येऊन बसल्यावरही मूळ अडचण दीर्घकाळ तशीच राहिली. ती का राहिली, या प्रश्नातच खरा इतिहास आहे.

३/
आधी वहीचे जग पाहू. खिडकीवर धनादेश दिला की हातात पितळी टोकन येई. धनादेश लेजर सांभाळणाऱ्या कारकुनाकडे जाई. तो पान काढून शिल्लक पाही, नोंद करी. अधिकारी नमुना सहीशी सही ताडून पाही. मग रोखपाल टोकनचा क्रमांक पुकारी. संध्याकाळी दिवसभराचा जमाखर्च जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. काही पैशांच्या फरकासाठी रात्रही होई.

४/
एका शाखेतून दुसऱ्या शाखेत पैसा न्यायचा, तर डिमांड ड्राफ्ट, टपालाने किंवा तारेने हस्तांतरण हे मार्ग होते. प्रत्येक व्यवहाराची एक बाजू एका शाखेत नोंदली जाई, दुसरी बाजू दुसरीकडे. दोन्ही बाजू जुळवण्याचे काम मुख्यालयाकडे. त्याला आंतरशाखा ताळमेळ म्हणत. हा ताळमेळ महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे मागे पडत असे.

५/
भार वाढत होता. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० मध्ये आणखी ६ बँकांचे. १९६९ मध्ये देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या. १९९१ पर्यंत ही संख्या ६०,००० च्या पुढे गेली. म्हणजे तितक्या स्वतंत्र वह्या आणि तितके स्वतंत्र ताळे. बँक नावाची वस्तू कागदावर एक होती; कामकाजात ती हजारो छोट्या पेढ्यांचा समूह होती.

६/
मग यंत्रे लवकर का आणली नाहीत? कारण यंत्र म्हणजे नोकरीवर गदा, ही भीती. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कोलकात्यातील कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध दीर्घ लढा दिला होता. बँक कर्मचारी संघटनांना तो स्मरत होता. ज्या देशात एका कारकुनी जागेसाठी हजारो सुशिक्षित तरुण अर्ज करीत, तेथे या भीतीला ‘प्रगतीविरोध’ म्हणून निकालात काढणे इतिहासाला धरून होणार नाही.

७/
वाट निघाली ती वाटाघाटींतून. सप्टेंबर १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात मर्यादित यांत्रिकीकरणाचा करार झाला. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने उपगव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. शाखा, विभागीय कार्यालय आणि मुख्यालय अशा तीन पातळ्यांवर यंत्रे आणण्याची आखणी त्यातून पुढे आली.

८/
शाखांत जे यंत्र आले त्याचे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे: ‘ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’. नावात ‘संगणक’ हा शब्दच नाही! किती यंत्रे, कोठे आणि कोणत्या कामासाठी, हे करारात ठरलेले. ती चालवणाऱ्यांना विशेष भत्ताही मिळे. यंत्र वहीची नक्कल करी: नोंद घे, शिल्लक काढ, छापून दे. १९८६ मध्ये मुंबईत चुंबकीय शाईच्या अक्षरांवरून धनादेश छाटणारी यंत्रेही सुरू झाली.

९/
रंगराजन यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या समितीचा अहवाल १९८९ मध्ये आला. या वेळी नावात ‘संगणकीकरण’ हा शब्द उघडपणे होता. १९९३ मध्ये संघटनांशी आणखी एक करार झाला आणि मोठ्या शाखांचे संपूर्ण संगणकीकरण सुरू झाले. स्टेट बँकेच्या अनेक शाखांत आयर्लंडच्या किंडल कंपनीचे ‘बँकमास्टर’ चालू लागले.

१०/
येथेच या कथेतला सर्वांत रंजक भाग येतो. प्रत्येक शाखेला स्वतःचा सर्व्हर मिळाला, स्वतःचा विदा मिळाला. सकाळी ‘दिवस उघडायचा’, संध्याकाळी ‘दिवस मिटायचा’, तोही शाखेपुरता. साताऱ्याचा संगणक दादरच्या संगणकाला ओळखत नव्हता. वही जाऊन पडदा आला. भिंत मात्र तीच राहिली. शिक्षकाला दादरला पैसे अजूनही मिळत नव्हते.

११/
नोंदी विखुरलेल्या असण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे १९९२ ने दाखवले. हर्षद मेहता प्रकरण वेबसीरीजमुळे अनेकांना माहीत आहे. त्यातला एक दुर्लक्षित धागा नोंदींचा आहे. सरकारी रोख्यांच्या मालकीच्या नोंदी रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक ऋण कार्यालयात हाताने ठेवल्या जात. रोखे प्रत्यक्ष हस्तांतरित होण्याऐवजी बँका एकमेकींना ‘बँक रिसीट’ देत.

१२/
त्या पावत्यांमागे रोखे आहेत की नाहीत, हे समोरच्या बँकेला तत्काळ पडताळता येत नसे. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन को-ऑपरेटिव्ह बँक यांनी आधाराविना पावत्या दिल्याचे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. घोटाळ्याचे कारण एकटी वही नव्हती, हे खरे. पण दोन वह्यांमधल्या उशिरातच तो वाढला, हेही तितकेच खरे.

१३/
मग शाखा जोडल्या का जात नव्हत्या? तीन कारणे दिसतात. पहिले, दूरसंचार: भरवशाची भाडेतत्त्वावरची वाहिनी तालुक्याच्या गावी मिळणे अवघड. दुसरे, करारांच्या मर्यादा. तिसरे कारण क्वचितच सांगितले जाते: अधिकार. ज्याच्या कपाटात वही, त्याचा शब्द अंतिम. विदा मुख्यालयात गेला की शाखाधिकाऱ्याचे संस्थान खालसा होणार होते.

१४/
रेटा दोन बाजूंनी आला. १९९४ च्या आसपास आयसीआयसीआय, एचडीएफसी यांसारख्या नव्या खासगी बँका उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे जुन्या वह्याच नव्हत्या. त्यांनी आरंभीच्या काळातच शाखा एका प्रणालीला जोडल्या. दुसरीकडे केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी सार्वजनिक बँकांना बजावले: १ जानेवारी २००१ पर्यंत किमान ७० टक्के व्यवसाय संगणकावर आलाच पाहिजे. त्यांचा रोख भ्रष्टाचारावर होता.

१५/
जोडणीचे रस्तेही तयार होत होते. रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये हैदराबादला बँकिंग तंत्रज्ञानाची संशोधन संस्था, आयडीआरबीटी, स्थापन केली. तिने १९९९ मध्ये ‘इन्फिनेट’ हे बँकांचे सामाईक उपग्रह जाळे सुरू केले. गच्चीवरच्या छोट्या तबकड्या हे त्या काळातल्या शाखांचे नवे लक्षण ठरले. जिथे तार पोचत नव्हती, तिथे आकाशातून वाट निघाली.

१६/
आणि नोकऱ्या? २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. सुमारे १ लाख कर्मचारी बाहेर पडले. याचे सारे श्रेय किंवा दोष संगणकाला देता येणार नाही; मनुष्यबळ कमी करण्याचे धोरण त्यामागे होते. पण १९८३ मध्ये ज्यांनी भीती व्यक्त केली होती, त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती, एवढे नोंदवणे आवश्यक आहे.

१७/
आता मुख्य वळण: कोअर बँकिंग. कल्पना साधी आहे. शाखेत सर्व्हर ठेवायचाच नाही. सर्व खाती एका केंद्रीय विदागारात. शाखेत फक्त तिथवर पोचणारी खिडकी. स्टेट बँकेने हे काम टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसकडे दिले. आज्ञावली ऑस्ट्रेलियातील एफएनएस कंपनीची होती. ती कंपनीच टीसीएसने २००५ मध्ये विकत घेतली. बँकेचे तंत्रज्ञान केंद्र नवी मुंबईत, बेलापूरला.

१८/
मोठेपणाची कल्पना यावी म्हणून: २००८ पर्यंत स्टेट बँकेच्या सुमारे १०,००० शाखा या प्रणालीवर आल्या. सहयोगी बँकाही त्याच व्यवस्थेवर होत्या. २०१७ मध्ये पाच सहयोगी बँका स्टेट बँकेत विलीन झाल्या. कायदेशीर विलीनीकरण तेव्हाचे. तांत्रिकदृष्ट्या त्या बँका अनेक वर्षे एकाच घरात राहत होत्या. ‘सामाईक सेवा’ म्हणतात ती हीच.

१९/
स्थलांतर मात्र सोपे नव्हते. आधी जुन्या नोंदी स्वच्छ करायच्या: अपुरे पत्ते, एकाच माणसाची तीन स्पेलिंगांतली तीन खाती, वर्षानुवर्षे न जुळलेल्या रकमा. मग शाखा बंद असताना शिल्लक नव्या प्रणालीत न्यायची आणि पैशापैशाने ताडायची. सोमवारी खातेदार येई तेव्हा त्याचा खातेक्रमांक बदललेला असे. शाखेतल्या लहान क्रमांकाला आता देशभरात एकमेव असणे भाग होते.

२०/
याची खूण आजही तुमच्या धनादेशावर आहे. आयएफएस कोड पाहा: ११ चिन्हे. पहिली चार बँकेची, पाचवे शून्य, शेवटची सहा शाखेची. ज्या शाखेकडे एकेकाळी सगळी वही होती, ती आता एका पत्त्याची शेवटची सहा चिन्हे झाली. साताऱ्याचा शिक्षक शाखेचा ग्राहक होता. तो बँकेचा ग्राहक झाला. कर्जाच्या अर्जांची छाननीही हळूहळू केंद्रीय प्रक्रिया केंद्रांकडे गेली.

२१/
पुढची पायरी: बँकाबँकांमध्ये वाटून घेणे. हा प्रयत्न आधीही झाला होता. १९९७ मध्ये मुंबईत इंडियन बँक्स असोसिएशनने ‘स्वधन’ हे सामाईक एटीएम जाळे काढले. ते टिकले नाही. २००४ मध्ये ‘नॅशनल फायनान्शिअल स्विच’ आला आणि टिकला, कारण तोवर बँकांच्या आतली खाती जोडली जाऊ लागली होती. घर आतून जोडलेले नसेल, तर दारात रस्ता येऊन काय उपयोग?

२२/
२००४ मध्ये आरटीजीएस, २००५ मध्ये एनईएफटी. मुंबईत स्थापन झालेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, २००९ मध्ये तो स्विच हाती घेतला. २०१० मध्ये आयएमपीएस, २०१६ मध्ये यूपीआय. यूपीआयचे कौतुक करताना आपण वरचा मजला पाहतो. खालचे मजले लेजर यंत्रे, करार, उपग्रह तबकड्या आणि शिल्लक जुळवत काढलेल्या रात्रींचे आहेत.

२३/
आता दुसरी बाजू. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातले बहुतांश २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी काढले गेले. खात्यांची मूळ प्रणाली फोडलेली नव्हती. ‘या खात्यात पैसे आहेत का?’ हा प्रश्न तिथवर नेणारा दुवा बाजूला सारून हल्लेखोरांनी खोटे होकार दिले. १९९२ च्या पावतीची आठवण होते ना?

२४/
लहान बँकांना स्वतःचे विदागार परवडत नाही. त्या ही सेवा भाड्याने घेतात. ३१ जुलै २०२४ रोजी अशा एका सेवापुरवठादारावर, सी-एज टेक्नॉलॉजीजवर, रॅन्समवेअर हल्ला झाला. खबरदारी म्हणून एनपीसीआयने त्याला देयक जाळ्यापासून तोडले. सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक अडकले. दुसऱ्या दिवशी सेवा पूर्ववत झाली. एका वहीला वाळवी लागली तर एक शाखा थांबे. सामाईक घराचे दार अडले की शेकडो घरे थांबतात.

२५/
म्हणून जुने दिवस चांगले होते का? नाही. साताऱ्याच्या शिक्षकाला स्वतःच्याच पैशांसाठी परगावी हात पसरावा लागे, हे विसरता येत नाही. पण प्रत्येक जोडणीबरोबर विश्वासाची जागा बदलते. आधी तो समोरच्या कारकुनावर होता. आता तो आपण कधीच न पाहिलेल्या इमारतीवर आहे. त्या इमारतीची चौकशी करण्याचा हक्क मात्र आपण पुरेसा मागितलेला नाही.

२६/
ही कथा संपलेली नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांना एका सामाईक आज्ञावलीवर आणण्याची योजना मंजूर केली. तुमच्या गावची विकास सोसायटी त्यात असू शकेल. तेथे आज वही आहे, ती सांभाळणारा सचिव आहे, त्याच्या हातात अधिकार आहे. १९८३ चे सगळे प्रश्न तेथे पुन्हा विचारले जातील.

२७/
म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी गावी गेलात तर सोसायटीची जुनी खातेवही पाहायला मागा. जमले तर सचिवांशी बोला, त्यांच्या आठवणी लिहून ठेवा. घरात कोणी बँकेतून निवृत्त झाले असेल, तर शाखा ‘कोअर’वर गेली ती रात्र कशी होती, हे विचारा. हा इतिहास अजून माणसांच्या तोंडी आहे. धागा समाप्त.