दुर्बीण, टाका आणि वेठीचा हात

मूत्रपिंडात तयार झालेली लघवी नरसाळ्यासारख्या पोकळीत जमते आणि तिथून मूत्रवाहिनीत उतरते. काही मुलांत हा सांधा जन्मतःच अरुंद असतो. लघवी तुंबते आणि मूत्रपिंड फुगते. आता हे बहुधा गरोदरपणातल्या सोनोग्राफीतच दिसते आणि ‘बाळाच्या किडनीला सूज आहे’ एवढे आईवडिलांच्या कानावर पडते. बऱ्याच बाळांची सूज आपोआप उतरते. ज्यांच्या मूत्रपिंडाचे काम मंदावू लागते त्यांच्यावर पायलोप्लास्टी करतात. तीत अरुंद भाग कापून टाकतात, मूत्रवाहिनीचे तोंड उभे चिरून रुंद करतात आणि ते पोकळीला नव्याने शिवतात. ही रीत शेफील्डच्या अँडरसन आणि हाइन्स यांनी १९४९ साली प्रसिद्ध केली. हाइन्स प्लास्टिक सर्जन होते, हे त्या शिवणीकडे पाहून नवल वाटू नये. तेव्हापासून जोड जवळपास तसाच राहिला आहे. बदलत गेली ती तिथवर पोचण्याची वाट.

शरीरात डोकावण्याचा खटाटोप मूत्रमार्गाशी पहिल्यापासून जोडलेला आहे. फ्रँकफुर्टच्या बोझिनीने १८०६च्या सुमारास मेणबत्ती आणि आरसा वापरून पाहिले. नित्से याने १८७९ साली व्हिएन्नात मूत्राशयाची दुर्बीण दाखवली. तिच्या टोकाशी प्लॅटिनमची तार लालबुंद तापे आणि ती थंड ठेवायला पाणी खेळवावे लागे. मराठीने या यंत्राला फारसीतून आलेले ‘दूरचे पाहणारी’ हे नाव दिले, पाहायचे असते मात्र वीतभर आत. बाळांसाठी हे सारे जाडजूड होते. हॅरल्ड हॉपकिन्सने १९५९मध्ये नळीत बारीक भिंगांऐवजी काचेच्या लांब कांड्या बसवल्या आणि बारीक नळीतूनही लख्ख दिसू लागले. त्याच्या जोरावर १९७१ साली गॅन्स आणि बर्सी यांनी तान्ह्यांच्या दुर्बिणींविषयी लिहिले. आत जागा व्हावी म्हणून पोटात वायू भरायची वेरेस सुई तर क्षयाच्या फुप्फुसांसाठी बनलेली.

इटलीत १९७६ साली कोर्तेझी आणि सहकाऱ्यांनी पोटातच राहिलेले वृषण दुर्बिणीने शोधले. तेव्हा काम फक्त पाहण्याचे होते. क्लेमन यांनी १९९०मध्ये सेंट लुइस इथे अख्खे मूत्रपिंड दुर्बिणीतून काढले. कापून काढणे तरी जमते, शिवणे जमत नाही, ही खरी अडचण होती. लांब सरळ हत्याराला मनगट नसते आणि ते पोटाच्या भिंतीत टेकलेले असल्याने हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते. अशा हत्याराने काही मिलिमीटर रुंदीच्या नळीला केसासारख्या धाग्याने टाके घालायचे! मोठ्यांत ते १९९३मध्ये साधले. मुलातील अशी पायलोप्लास्टी पीटर्स आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केली.

मनगट आणले रोबोटने. मुळात ही कल्पना रणांगणावरच्या जखमींवर दुरून शस्त्रक्रिया करण्याची, म्हणून तिला अमेरिकी लष्कराचा पैसा मिळाला होता. कारेल चापेकच्या १९२०च्या नाटकातून जगभर गेलेल्या ‘रोबोट’ या शब्दाच्या मुळाशी चेक ‘रोबोता’ आहे, म्हणजे आपली वेठ. नाव इथे चपखल बसते, कारण हे यंत्र स्वतःहून काहीच करत नाही. सर्जन बाजूला बसून हात हलवतो, यंत्र ती हालचाल लहान करते, कंप गाळते आणि मनगटासारखे वळते. ‘दा विंची’ या रोबोटला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली आणि काही वर्षांतच मुलांची पायलोप्लास्टी त्याच्यावर होऊ लागली.

यंत्र मात्र प्रौढ देहाच्या मापाचे होते. हाताने वापरायची बाळांची हत्यारे ३ मिलिमीटरचीही असतात, रोबोटची ८ मिलिमीटरची. पुढे ५ मिलिमीटरची आली, पण त्यांना वळायला आत जास्त जागा लागे. तान्ह्याच्या पोटात तीच नसते. हत्यारे आत घालायची छिद्रे फार जवळ पडतात आणि बाहेर यंत्राचे हात एकमेकांवर आदळतात. वायूचा दाबही बेताचाच ठेवावा लागतो. गारगोलो यांनी २०११मध्ये छिद्रे चड्डीच्या रेषेखाली लपवण्याची पद्धत मांडली. तिचा लाभ व्रणापुरता आहे. शाळकरी मुलांत टाक्यांची सोय आणि लवकर घरी जाणे हे रोबोटचे फायदे स्पष्ट दिसतात. काही महिन्यांच्या बाळात कुशीवरच्या छोट्याशा उघड्या छेदातून अँडरसन-हाइन्सचाच जोड शिवणारे सर्जन आजही आहेत, आणि त्यांना मागासलेले म्हणण्याचे कारण नाही.