एलईडी म्हणजे लेनिनग्राड

परवा ऑफिसातल्या क्विझच्या स्लाइड्स बनवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. विषय दुसरं महायुद्ध, भाषा इंग्रजी. मजकुरात जागोजागी 'लेनिनग्राड' दिसत होतं. म्हटलं, हे तर जुनं नाव, आता सेंट पीटर्सबर्ग म्हणतात. मारलं कंट्रोल-एच, केलं रिप्लेस ऑल. झालं काम!

आमच्या टीममध्ये एक रशियन टेस्टर आहे. स्लाइड्स बघून ती शांतपणे एवढंच म्हणाली, की तिची पणजी जिथे उपाशी राहिली त्या शहराचं नाव लेनिनग्राड होतं. मी गप्प. टेस्टर लोकांना बग सापडतोच, पण हा जरा जास्तच लागला. मग शनिवार-रविवार वाचत बसलो.

शहर वसवलं पीटर द ग्रेटने, 1703 मध्ये. पण नाव त्याचं स्वतःचं नाही, येशूचा शिष्य संत पीटर याचं. म्हणून इंग्रजीत ते 'सेंट' महत्त्वाचं. 1914 मध्ये जर्मनीशी युद्ध पेटलं आणि 'बुर्ग' हा शेवट कानाला फारच जर्मन वाटू लागला. मग पेट्रोग्राड झालं. 'ग्राड' म्हणजे शहर, अस्सल रशियन. या गडबडीत संतपद मात्र गेलं. जानेवारी 1924 मध्ये लेनिन वारला आणि काही दिवसांतच शहर लेनिनग्राड झालं. जून 1991 मध्ये लोकांनी मतदान केलं, सुमारे 55 टक्के लोक जुन्या नावाच्या बाजूने पडले आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग.

यावर सोव्हिएत काळातला एक विनोद आहे. म्हाताऱ्याला विचारतात, जन्म कुठला? पीटर्सबर्ग. शाळा? पेट्रोग्राड. आता राहता कुठे? लेनिनग्राड. आणि कुठे राहायला आवडेल? पीटर्सबर्ग! बिचारा गाव सोडून कुठेच गेलेला नाही.

मग इंग्रजीत लिहायचं काय? माझ्यासारख्या डेटाबेसवाल्याला हे सोपं वाटायला हवं होतं: नावाला तारीख चिकटलेली असते. 'क्राइम अँड पनिशमेंट' घडते ती पीटर्सबर्गमध्ये. 1917 ची क्रांती पेट्रोग्राडमध्ये. कवी ब्रॉडस्की 1940 मध्ये जन्मला तो लेनिनग्राडमध्ये. आज विमानाचं तिकीट काढाल ते सेंट पीटर्सबर्गचं. वाचकाचा गोंधळ होईल असं वाटलं तर 'आताचं सेंट पीटर्सबर्ग' एवढं एकदा जोडावं, बस्स. आणि एक गंमत, शहराचं नाव बदललं तरी भोवतालच्या प्रांताचं बदललं नाही. तो आजही लेनिनग्राड ओब्लास्तच आहे. तिथे 'दुरुस्ती' करायला गेलात तर चूक तुमची.

पण वेढ्याच्या बाबतीत हा नुसता व्याकरणाचा प्रश्न उरत नाही. 8 सप्टेंबर 1941 ते 27 जानेवारी 1944, म्हणजे 872 दिवस जर्मन फौजांनी शहर कोंडून धरलं. पहिल्या हिवाळ्यात महिनाभराहून जास्त काळ मुलांना आणि घरी असणाऱ्यांना दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळत होता. तोही धड पिठाचा नाही. भुकेने आणि थंडीने लाखो माणसं मेली. ऑगस्ट 1942 मध्ये त्याच शहरात अर्धपोटी वादकांनी शोस्ताकोविचची सातवी सिम्फनी वाजवली. तिला जग 'लेनिनग्राड सिम्फनी' म्हणून ओळखतं. माझ्या स्लाइडवर ती 'सेंट पीटर्सबर्ग सिम्फनी' झाली होती! 1991 मध्ये वेढ्यातून वाचलेल्या अनेकांचा नाव बदलायला विरोध होता. त्यांना लेनिनचं कौतुक असेल-नसेल, पण त्यांची माणसं ज्या नावाने मेली ते नाव पुसलं जात होतं. दुसरीकडे, ते नाव त्यांच्यावर लादलेलंच होतं असं म्हणणारेही तितकेच खरे. दोन्ही बाजू शहरावर प्रेम करणाऱ्याच.

जाता जाता, तिथल्या पुल्कोवो विमानतळाचा कोड आजही 'एलईडी' आहे. दिवा नव्हे, लेनिनग्राड. आपल्या मुंबईचा 'बीओएम' आहे ना, तसंच. आयडी सहसा बदलत नाहीत, कारण जुन्या नोंदी त्यावर टांगलेल्या असतात. हे मला रोज कामात कळतं, इतिहासात कळायला मात्र कोणाची तरी पणजी लागली.

असो. सोमवारी सगळ्यात आधी ती फाइल उघडली. कंट्रोल-झेडची वेळ टळून गेली होती. एकेक लेनिनग्राड हाताने परत टाइप केलं.