नौकेमागची लाट

पाण्यावरून जाणारी नौका आपल्या मागें एक रेघ सोडून जाते. ही रेघ पाहतां पाहतां मोडते, म्हणून पाण्यावरची रेघ हें आपल्याकडे क्षणभंगुरतेचें उदाहरण होऊन बसलें आहे. परंतु तिचा इतिहास पाहूं लागल्यास ती वाटते तितकी क्षुद्र नाहीं असें दिसून येतें. नौकेमागें उठणारी ही लाट कमी कशी करावी या प्रश्नासाठीं एकोणिसाव्या शतकांतील विद्वानांनीं वर्षानुवर्षें खर्च केलीं. आणि अलीकडे तीच लाट मोठी कशी करावी यासाठीं लोक हौसेनें पैसा खर्च करीत आहेत. हें वळण कसें आलें व या हौसेची किंमत कोणाच्या पदरीं पडते, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

फळीवर उभें राहून समुद्राच्या लाटेबरोबर घसरत येणें हा हवाई बेटांतील लोकांचा प्राचीन खेळ होय. तळ्याच्या संथ पाण्यांत अशी लाट कोठून येणार? तेव्हां ती यांत्रिक नौकेकडून उत्पन्न करवून घ्यावी, ही कल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत रुजली व तिला वेकसर्फिंग असें नांव पडलें. खेळाडू आरंभीं दोर धरून नौकेमागें उभा राहतो, आणि लाट सांपडतांच दोर सोडून देतो. त्यापुढें त्यास वाहून नेते ती केवळ लाट.

आमच्या बीड जिल्ह्यास समुद्र नाहीं. उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी हेंच येथील मोठें पाणी, आणि तिच्याशीं आमचा ऐतिहासिक संबंध मुख्यतः उताराचा. गेवराई तालुक्यांतील राक्षसभुवन येथें 10 ऑगस्ट 1763 रोजीं जी लढाई झाली, तिचा निकाल मराठ्यांच्या पराक्रमानें लागला हें खरें; परंतु ऐन पावसाळ्यांतील गोदावरीचाही त्यांत मोठा हात होता. निजामअल्ली कांहीं फौजेसह नदी उतरून पैल काठास गेला होता; त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यानिशीं अलीकडेच राहिला. माधवराव पेशवे व रघुनाथराव यांनीं त्याला तेथेंच गांठलें, आणि धन्याच्या डोळ्यांदेखत दिवाण मारला गेला. अशा नदीवर नावेकडून अपेक्षा एकच असते, ती म्हणजे पैलतीर. नावेमागें कशी लाट उठते इकडे लक्ष देण्यास तेथें कोणास सवड असणार?

ती सवड प्रथम मिळाली ती स्कॉटलंडमधील कालव्यांवर. तेथें घोडे काठानें चालत व दोरानें नौका ओढीत. नौकेचा वेग वाढवावा तों मागें मोठी लाट उठे, घोडे थकत आणि कालव्याचे काठ ढांसळत. 1830 च्या सुमारास ग्लासगोजवळच्या कालव्यावर ह्यूस्टन नांवाच्या गृहस्थाच्या नौकेचा घोडा बुजून भरधांव सुटला. तेव्हां एक चमत्कार दृष्टीस पडला. काठ उध्वस्त करणारी ती फेसाळ लाट नाहींशी झाली आणि नौका संथ पाण्यावरून पूर्वींपेक्षां सहज पुढें जाऊं लागली. ही हकीकत जॉन स्कॉट रसेल या इंजिनियरानें नमूद करून ठेविली आहे. स्वतः त्यासही 1834 च्या ऑगस्टमध्यें एडिंबरोजवळच्या युनियन कालव्यावर असाच अनुभव आला. एक नौका एकाएकीं थांबली. पण तिच्यापुढें सांचलेलें पाणी थांबलें नाहीं. सुमारें तीस फूट लांब व फूट-दीड फूट उंच अशी एक गुळगुळीत लाट सुटून पुढें चालली. रसेलनें घोड्यावरून मैल-दोन मैल तिचा पाठलाग केला, आणि तासाला आठ-नऊ मैलांच्या चालीनें ती आपला आकार न मोडतां जात राहिली.

या दोन्ही गोष्टींचें कारण एकच आहे. उथळ पाण्यांत लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. पांच फूट खोलींत तो ताशीं सुमारें चौदा किलोमीटर येतो. नौका त्याहून सावकाश चालली तर लाट तिच्या मागें लागते व तिची शक्ति खाते. बुजलेला घोडा लाटेच्याही पुढें धांवला, म्हणून त्याचें ओझें हलकें झालें.

यापुढें विल्यम फ्रूडनें हा विषय हातीं घेतला. 1867 सालीं त्यानें ‘हंस’ व ‘कावळा’ या अर्थाच्या नांवांचे नौकेचे दोन नमुने, एक बोथट नाळेचा व एक निमुळत्या नाळेचा, पाण्यांतून ओढून पाहिले. निमुळताच सदैव सरस ठरेल हा समज खोटा ठरला. एका वेगास एक बरा, तर दुसऱ्या वेगास दुसरा. पुढें इंग्लंडच्या आरमारखात्याच्या साहाय्यानें त्यानें टॉर्की येथें अशा प्रयोगांसाठीं हौद बांधला. नौका ओढण्यास लागणाऱ्या श्रमापैकीं किती भाग लाटा उठविण्यांत वायां जातो, याचा हिशेब तेव्हांपासून मांडतां येऊं लागला. 1887 सालीं विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढें लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेले पंडित, यांनीं दाखविलें कीं खोल पाण्यांत नौकेमागच्या लाटांची पाचर मार्गरेषेच्या दोहों बाजूंस सुमारें साडेएकोणीस अंशांचा कोन करते. डबक्यांतील बदक असो कीं आगबोट असो, तो कोन बहुधा तोच.

लाट म्हणजे वायां गेलेले श्रम, हा त्या शतकाचा निष्कर्ष. आजचा वेकसर्फिंगचा नावाडी त्याच शास्त्राचें पुस्तक जणूं उलट्या बाजूनें वाचतो. कोंकणांतील खलाशी रिकाम्या गलबताच्या तळाशीं दगडांचें वजन भरीत. त्यास ते नीरम म्हणत. गलबत उलटूं नये हा त्याचा हेतु. या खेळाच्या नौकेंतही नीरम असतें, पण तें पाण्याचें, पिशव्यांत व टांक्यांत भरलेलें, पुष्कळदां हजार किलोंहूनही अधिक. आणि हेतु असा कीं नौका पाण्यांत खोल बसावी व तिनें अधिक पाणी बाजूस सारावें. वजन पिछाडीस वाढविलें कीं लाट उंच व उभी होते. थोडें नाळेकडे सरकविलें कीं ती लांब होते. जुन्या रीतीप्रमाणें खेळाडूच्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यांत जास्त भार घालून नौका कलती ठेवीत. नव्या नौकांत त्याऐवजीं दुसऱ्या बाजूस एक पत्रा आडवा सरकवितात; त्यामुळें त्या बाजूचें पाणी मागें येऊन मिळण्यास उशीर लागतो आणि खेळाडूच्या बाजूची लाट स्वच्छ राहते. वेग ताशीं सोळा ते एकोणीस किलोमीटर. सात मीटरांच्या नौकेस हा वेग मोठा अडचणीचा होय. याहून मंद चालल्यास ती आपल्या लाटांतच बसून जाते, याहून जलद गेल्यास पाण्यावर चढून हलकी होते. या दोहोंमध्यें तिची नाळ उचललेली व पिछाडी रुतलेली राहते. पूर्वीच्या नौकाकारांनीं जो वेग कटाक्षानें टाळला असता तोच येथें मुद्दाम निवडिला जातो. खेळाडू नौकेच्या अगदीं जवळ असतो, म्हणून पंखा पिछाडीबाहेर न ठेवतां तळाखालीं आंत असावा लागतो, हा नियम मात्र जीवाशीं संबंध असलेला आहे.

येथवर सारें कौतुकाचें. परंतु जे श्रम लाटेंत गेले ते नाहींसे होत नाहींत. लाट त्यांस काठापर्यंत पोंचविते. ह्यूस्टनच्या कालव्याचे काठ जिनें ढांसळविले तीच ही लाट, फक्त आतां ती जाणूनबुजून वाढविलेली. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनें 2022 सालीं असें मोजून दाखविलें कीं साध्या यांत्रिक नौकेची लाट दोनशें फुटांवर जितकी उरते, तितकी खालीं येण्यास या नौकेच्या लाटेस पांचशें फुटांहून अधिक अंतर लागतें.

हा आंकडा आमच्यासारख्या जिल्ह्यास विचार करावयास लावणारा आहे. आमच्याकडे आतां मोठीं तळीं आहेत. पैठणचें जायकवाडी धरण 1976 सालीं पुरें झालें; त्याच्या उजव्या कालव्याचें पाणी सिंदफणेवरील माजलगांवच्या जलाशयास मिळतें. पण हें पाणी आम्हांस खेळण्याकरितां लाभलेलें नाहीं. अवर्षणाच्या वर्षीं माजलगांवचा सांठा मृतसांठ्यापर्यंत उतरतो, तेव्हां बीड शहराचे नळ कोरडे पडतात आणि काठावरचा शेतकरी उघड्या पडलेल्या गाळाकडे पाहत बसतो. जेथें पाणी उथळ, तेथें लाट तळ ढवळते. जेथें काठ मातीचा, तेथें ती काठ खाते. आणि काठाची माती अखेर धरणाच्या पोटांतच जाऊन बसते.

तळ्यावर नौका नकोत, तरुणांनीं साहस करूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. करमणुकीस पाण्यावर बंदी घालणें हें शहाणपण नव्हे. परंतु जलविहाराच्या योजना आंखणारांनीं नौकेची किंमत व तिकिटाचें उत्पन्न यांबरोबर आणखी तीन गोष्टी कागदावर मांडाव्या: पाण्याची त्या महिन्यांतील खोली, काठापासूनचें अंतर आणि काठ दगडाचा कीं मातीचा. स्कॉटलंडच्या कालव्यावर काठाची दुरुस्ती कोणाच्या खर्चानें होत असे, हें तेथील कंपनीच्या भागीदारांस पक्कें ठाऊक होतें. आमच्या तलावाचा काठ ढांसळला तर तो खर्च नौकेच्या मालकाच्या वहींत पडणार नाहीं. तो पाणी पिणाऱ्यांच्या व पाणी देणाऱ्या शेताच्या माथीं बसेल. म्हणून हा हिशेब नौका पाण्यांत सोडण्यापूर्वींच व्हावयास पाहिजे.