बारा पैशांचा फरक

बँकेतला कारकून इतिहास लिहायला बसला म्हणजे प्रथम तारीख टाकतो, मग पानाची नावे आणि जमा अशी वाटणी करतो, आणि शेवटी खाली दोन रेघा मारून दोन्ही बाजू जुळतात का ते बघतो. इतिहासकारांची पद्धत निराळी. ते बाजू आधी घेतात आणि बेरीज मागाहून करतात. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर. बेरीज जुळल्याशिवाय मला जेवण जात नाही. म्हणून हा इतिहास कारकुनी पद्धतीनेच लिहितो आहे.

दिंडोशीला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक सॉफ्टवेअरवाले गृहस्थ राहतात. हायवेच्या कडेला एका काचेच्या इमारतीत त्यांची कंपनी. गेली दहा वर्षं लिफ्टमध्ये भेटले की मला एकच प्रश्न विचारायचे, "काय, आज सर्व्हर चालू आहे ना?" घरातल्या जुन्या दमेकऱ्याची चौकशी करावी तसा सूर. शिवाय बोलता बोलता एक वाक्य ठरलेलं असे : "तुम्ही बँकवाल्यांनी संगणकाला विरोध करून देशाला वीस वर्षं मागे ठेवलंत." 1983 साली मी दोन वर्षांचा होतो. देशाला मागे ठेवण्याइतकं माझं वजन नव्हतं. पण लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यापर्यंत एवढा खुलासा होत नाही.

2025 च्या जुलै महिन्यात टीसीएसने जाहीर केलं की सुमारे 12 हजार माणसं कमी करणार. कंपनीत माणसं 6 लाखांहून जास्त, तेव्हा हे प्रमाण 2 टक्के. आमचे शेजारी त्या कंपनीत नाहीत; पण शेजारच्या घरात पाणी शिरलं की आपणही गादी उचलून ठेवतोच. पुढच्याच रविवारी सकाळी ते आमच्या दारात उभे. चहाचा कप हातात घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं,

"अहो, युनियन कशी काढतात हो?"

माझ्या हातातली बशी हिंदकळली. आमचे अण्णा गॅलरीत पेपर वाचत होते. त्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही. कुकरच्या पाच शिट्ट्या ऐकू येत नाहीत. पण 'युनियन' हा शब्द कुठल्याही मजल्यावरून ऐकू येतो. पेपर खाली आला.

"कोणाला काढायची आहे?"

अण्णा 1970 साली बँकेत लागले. 1969 च्या जुलैत 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि सरकारी बँकेतला जावई म्हणजे वधूपित्याला मुदत ठेवीइतकाच सुरक्षित वाटत होता. त्या काळची बँक म्हणजे लेजरांचं राज्य. पाटासारखी जाड पुस्तकं, दोन्ही हातांनी उचलायची. प्रत्येक खात्याला एक पान, प्रत्येक चेकची त्यावर शाईने नोंद, आणि ठरावीक मुदतीने सगळ्या पानांवरच्या शिलका मांडून बेरीज घ्यायची. ती मुख्य खतावणीशी जुळली तर सुटका. नाही जुळली तर 'फरक' लागला म्हणायचं आणि फरक शोधत बसायचं. बँकांचं वर्ष तेव्हा 31 डिसेंबरला संपे. सगळी मुंबई नव्या वर्षाचं स्वागत करी आणि अण्णा फोर्टमध्ये जुन्याला निरोप देत बसलेले असत. 1989 पासून बँकांचं वर्ष 31 मार्चला संपू लागलं. आईच्या मते बँकिंगमधली खरी सुधारणा ती एवढीच.

असाच एकदा अण्णांना बारा पैशांचा फरक लागला. तीन संध्याकाळी शोधला. लहानपणी मी विचारलं होतं, "अण्णा, खिशातले बारा पैसे टाकून द्यायचे ना!" अण्णांनी माझ्याकडे चोराच्या बापाने बघावं तसं बघितलं. म्हणाले, "फरक बारा पैशांचा दिसतो रे. पण एका खात्यात पाच हजार चुकून जास्त आणि दुसऱ्यात बारा पैसे कमी पाच हजार चुकून कमी पडले, तरी खाली बाराच पैसे दिसतात. दोन मोठ्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून लहान फरकाला जास्त भ्यावं."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

"काका, पण तुम्ही संगणकाला विरोध केलाच होतात," शेजारी म्हणाले. युनियनची चौकशी करायला आलेला माणूससुद्धा जुनं वाक्य सहजी सोडत नाही.

"केला होता की. बिल्ला लावून केला होता."

अण्णांनी मग सांगायला सुरुवात केली. सालं त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा चांगली पाठ आहेत. 1960 च्या दशकात कलकत्त्याला आयुर्विमा महामंडळाच्या इलाको हाउसमध्ये संगणक येणार होता, तेव्हा तो आत शिरू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा केला. यंत्र चोरीला जाऊ नये म्हणून पहारा करतात हे आपण ऐकलेलं असतं. यंत्र येऊ नये म्हणून पहारा करणारे तेच. मुंबईत आम्ही तेव्हा लालबागला राहत होतो. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. चाळीत आमच्या डाव्या हाताला गिरणी, उजव्या हाताला गिरणी. दोन्हीकडची माणसं दिवसा घरी दिसू लागली. "ते पाहून रोज फोर्टला जायचो," अण्णा म्हणाले. "नोकरी गेलेला माणूस दुपारी चाळीच्या कठड्याशी कसा उभा राहतो, ते मी पाहिलं होतं. आम्हाला यंत्राची भीती नव्हती बाबा. कठड्याची होती."

8 सप्टेंबर 1983 ला बँकांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये यंत्रं यायला लागली. पण 'संगणक' म्हटलं की सभा तापायची. म्हणून शाखेतल्या यंत्राला नाव मिळालं 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. पडदा होता, कळफलक होता, आत चिप होती. पण संगणक नव्हता! उपासाला साबुदाणा चालतो तसा हा प्रकार. धान्य नाही म्हटलं की पोटभर खायला मोकळीक.

"यात हसण्यासारखं काय आहे?" शेजारी एकदम गंभीर झाले. "टीसीएसनेही सांगितलंच की माणसं कमी करतोय ते एआयमुळे नव्हे. कौशल्य आणि काम यांचा मेळ बसत नाही म्हणून."

"बघ," अण्णा म्हणाले. "तेव्हाही नाव घ्यायचं नव्हतं, आताही नाही."

गंमत अशी, की फोर्टमध्ये यंत्राच्या नावावरून सभा तापत होत्या, तेव्हा इथे आरे कॉलनीच्या पलीकडे, अंधेरीच्या सीप्झमध्ये, जे 1973 सालीच निर्यातीसाठी उभं राहिलं होतं, तिथून सॉफ्टवेअर परदेशी जात होतं. एकाच शहरात संगणक एका ठिकाणी शत्रू होता आणि एका ठिकाणी परकीय चलन. 1984 च्या नोव्हेंबरात सरकारने संगणकाचं नवं धोरण आणलं, आयात सोपी झाली आणि शत्रू बहुमताने पाहुणा झाला.

अण्णांच्या शाखेत तो आला तेव्हा त्याच्यासाठी काचेची खोली बांधली. तिला वातानुकूलन. मॅनेजरसाहेबांच्या डोक्यावर पंखा करकरत होता आणि यंत्र गारव्यात. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. पहिल्या दिवशी नारळ फोडला तो विरोधी घोषणा देणाऱ्यांपैकीच एकाने, कारण शाखेत नारळ नीट फोडता येणारा तोच. करारात मुख्य गोष्ट होती : यंत्रामुळे कोणाची नोकरी जाणार नाही. यंत्रं किती, कुठल्या शाखेत, यावर मर्यादा. यंत्रावर बसणाऱ्याला वेगळा भत्ता. भत्ता ऐकून अण्णांचा तात्त्विक विरोध थोडा मवाळ झाला हे त्यांनीच कबूल केलं. ते यंत्र शिकले. आणि पहिल्याच बॅलन्सिंगला फरक शून्य! अण्णा सहाला घरी आले. आईला वाटलं, नोकरी गेली.

यंत्राने वाईट केलं असं मी म्हणणार नाही. मी त्याच्यावर पोट भरतो. एकच उदाहरण देतो. बचत खात्यावर पूर्वी महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर व्याज मिळे. लाख रुपये महिनाभर ठेवून 25 तारखेला काढलेत तर त्यावर त्या महिन्यात व्याज नाही. रोजच्या शिलकेवर व्याज काढायचं तर हाताने कोण काढणार? 1 एप्रिल 2010 पासून रिझर्व्ह बँकेने रोजच्या शिलकेवर व्याज द्यायला लावलं. ते शक्य झालं यंत्रामुळे. लेजरच्या काळात गरीब खातेदाराचे किती बारा-बारा पैसे राहून गेले असतील, याचा फरक कोणी शोधला नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. 1987 साली एचएसबीसीने मुंबईत देशातलं पहिलं एटीएम बसवलं. 1993 च्या करारात आणखी दारं उघडली. दक्षता आयुक्त विठ्ठल यांनी फर्मान काढलं, की 1 जानेवारी 2001 पर्यंत बँकांचा 70 टक्के व्यवहार संगणकावर आलाच पाहिजे. आणि त्याच सुमारास, 2000-01 मध्ये, सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली. झालेल्या नोकरीच्या दर वर्षामागे 60 दिवसांचा पगार. सुमारे 1 लाख माणसं घरी गेली. अण्णाही गेले. कोणी काढलं नाही. सगळे आपल्या इच्छेने, हार घालून घेऊन, नारळ घेऊन गेले. करार अक्षरशः पाळला गेला.

"म्हणजे काका, तुम्ही जिंकलात!" शेजारी म्हणाले. "आमच्याकडे असा कागदच नाही. सोमवारी बोलावतात, लॅपटॉप ठेवून जा म्हणतात. पुण्याच्या नाइट्स संघटनेने केंद्राच्या कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली आहे खरी. पण आमच्यातले निम्मे अजून स्वतःला कामगार समजतच नाहीत. शिवाय मी गेलं वर्षभर काय करतोय माहीत आहे? माझं काम त्या यंत्राला शिकवतोय. चांगलं शिकवलं म्हणून शाबासकीचं ईमेलही आलं."

अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"हा 2001 साली बी.कॉम. झाला. मी घरी आलो आणि हा बाहेर पडला, पण जायला जागाच नव्हती. बँकांची भरती जवळपास थांबली होती. सात वर्षं हा क्लासेसमध्ये शिकवत होता, एका दुकानाचा हिशेब लिहीत होता. 2008 साली लागला, तेव्हा वयाची मर्यादा संपायला थोडेच महिने उरले होते. आम्ही करारात लिहून घेतलं, की असलेल्याची नोकरी जाणार नाही. येणाऱ्याची जागा राहील, हे लिहून घ्यायचं आम्हाला सुचलं नाही. आमच्या खुर्च्या राखल्या. याची खुर्ची विसरलो."

अण्णांनी हे मला चोवीस वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं. मी चहाचे कप उचलून आत गेलो. ते रिकामेच होते, पण उचलायला काहीतरी हवं होतं.

आता बेरीज घेतो. नावे बाजूला : संगणकामुळे नोकरीवरून काढलेले, शून्य. जमा बाजूला : वाचलेली रात्र, खातेदाराचं व्याज, सहा वाजता घरी आलेले अण्णा. खाली दोन रेघा माराव्यात असं कोणालाही वाटेल. पण जी माणसं लागलीच नाहीत, त्यांचं खातंच या लेजरमध्ये उघडलेलं नाही. दोन मोठ्या आकड्यांनी एकमेकांना खाल्लं की फरक लहान दिसतो. 2 टक्केही लहानच दिसतात.

तरीही एक गोष्ट मी शेजाऱ्यांना सांगितली. अण्णांच्या पिढीने देशाला वीस वर्षं मागे ठेवलं असेल नसेल, पण यंत्राला दारात थांबवून अटी विचारल्या आणि लिहून घेतल्या. तेवढ्या वेळात पन्नाशीची माणसं कळफलक शिकली. यंत्र आलंच, पण माणसाच्या चालीने आलं. आमच्या इथल्या निरलॉनच्या कारखान्यात पूर्वी नायलॉनचा धागा निघायचा, आज त्या आवारात संगणकवाल्यांची काचेची कार्यालयं आहेत. कारखाना गेला तेव्हा काचेतल्या माणसांना वाटलं, की ही गोष्ट फक्त धाग्यांची आहे.

शेजाऱ्यांनी अण्णांना मसुदा करून द्यायला सांगितलं. अण्णांनी चष्मा पुसला, पाठकोरा कागद घेतला आणि वर तारीख टाकली. मग विचारलं, "तुझी मुलगी काय करते रे?"

"इंजिनिअरिंगला आहे. पहिल्या वर्षाला. कॉम्प्युटर."

"मग पहिलं कलम तिचं घालू," अण्णा म्हणाले. "तुझं दुसरं."

शेजारी जाताना दारात घुटमळले. लिफ्टचं बटण दाबून माझ्याकडे वळले आणि सवयीने विचारलं, "काय, सर्व्हर चालू आहे ना?"

मी म्हटलं, "आमचा आहे. तुमचा?"