बांगलादेशातील कूपनलिका आणि बालजीवनाचा प्रश्न

बालमृत्यूच्या इतिहासात शुद्ध पाण्याचे स्थान मध्यवर्ती आहे. परंतु ‘शुद्ध’ कशास म्हणावे, हा प्रश्न बांगलादेशाच्या अनुभवाने नव्याने उपस्थित केला. तेथे तळ्या-नद्यांचे दूषित पाणी पिऊन असंख्य बालके अतिसाराने दगावत. म्हणून १९७० च्या दशकात शासन व युनिसेफ यांनी गावोगावी हातपंपाच्या कूपनलिका बसविल्या. हे पाणी रोगजंतूंपासून बऱ्याच अंशी सुरक्षित होते. मात्र त्यातील आर्सेनिकची तपासणी तेव्हा होत नसे. १९९३ मध्ये ते आढळले, तोवर कोट्यवधी लोकांची भिस्त कूपनलिकांवरच होती. त्या सरसकट बंद केल्या असत्या, तर बालके पुन्हा तळ्यांकडे वळली असती. म्हणून तपासणीअंती दूषित पंप लाल व सुरक्षित पंप हिरवे रंगविण्यात आले. पाणीपुरवठ्याइतकीच पाण्याची सातत्यपूर्ण तपासणीही आवश्यक असते, हाच या इतिहासाचा बोध होय.