दोन वह्या, एक माणूस : नोंदी जुळवण्याचा इतिहास

१/ योगवर्गात कोणी ऑनलाइन जागा राखून ठेवते आणि काही क्षणांत ईमेलवर स्वागताचे पत्र येते. महिनाभर गैरहजेरी झाली की सवलतीचा संदेश येतो. ही पत्रे कोणी बसून लिहीत नाही. स्टुडिओचे बुकिंग एका सॉफ्टवेअरमध्ये असते, मार्केटिंग दुसऱ्यात, आणि या दोन वह्या आपोआप एकमेकींशी जुळवल्या जातात. या जुळवणीचा इतिहास व्यायामशाळेत सुरू होत नाही. तो जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदींपासून सुरू होतो.

२/ साल १९४६. डॉ. हॅल्बर्ट डन हे अमेरिकेतील जन्म, मृत्यू व विवाह यांच्या राष्ट्रीय आकडेवारीच्या कार्यालयाचे प्रमुख होते. सार्वजनिक आरोग्याच्या एका नियतकालिकात त्यांनी छोटा लेख लिहिला. माणसाचे आयुष्य म्हणजे एक ग्रंथ आणि त्याची पाने वेगवेगळ्या दप्तरांत विखुरलेली, अशी त्यांची कल्पना होती. ही पाने शोधून एकत्र बांधण्याच्या कामाला त्यांनी 'रेकॉर्ड लिंकेज', म्हणजे नोंदजोडणी, असे नाव दिले.

३/ याच डन यांचे नाव आणखी एका गोष्टीसाठी घेतले जाते. १९५९ मध्ये त्यांनी 'हाय-लेव्हल वेलनेस' ही संकल्पना मांडली आणि १९६१ मध्ये त्याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, हा त्यामागचा विचार. आज योग, पिलाटे आणि व्यायामाचे स्टुडिओ ज्या 'वेलनेस' शब्दाखाली व्यवसाय करतात, त्याच्या प्रसाराचे मोठे श्रेय त्यांना दिले जाते. स्टुडिओच्या ग्राहकयाद्या जोडणारे सॉफ्टवेअर एकाच माणसाच्या या दोन्ही कल्पनांचे दूरचे वारस आहे.

४/ पाने जोडायची, तर दोन पाने एकाच माणसाची आहेत हे आधी ठरवावे लागते, आणि नावावर विसंबता येत नाही. 'चौधरी' हे एक आडनाव रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिले जाते, ते आठवावे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्येच यावर एका पद्धतीचे पेटंट मिळवले होते. आडनाव अक्षरांऐवजी उच्चारानुसार सांकेतिक रूपात लिहायचे, म्हणजे सारख्या ध्वनीची नावे एकाच ठिकाणी येतात. पुढे 'साउंडेक्स' म्हणून ती ओळखली गेली.

५/ १९५९ मध्ये कॅनडातील आनुवंशशास्त्रज्ञ हॉवर्ड न्यूकोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम संगणकाकडे सोपवले. 'सायन्स' नियतकालिकातील त्यांच्या निबंधात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील विवाहांच्या आणि जन्मांच्या नोंदी जोडण्याची पद्धत होती. कोणत्या दांपत्याला कोणते मूल झाले, हे त्यातून कळणार होते. किरणोत्साराचा पुढच्या पिढ्यांवर काय परिणाम होतो, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. जोडणी विज्ञानासाठी चालली होती. कोणाला काही विकायचे नव्हते.

६/ १९६९ मध्ये इव्हान फेलेगी आणि ॲलन सन्टर यांनी या कामाला गणिती पाया दिला. त्यांच्या सिद्धान्तात नोंदींच्या जोड्यांचे तीन ढीग होतात : निश्चित जुळणाऱ्या, निश्चित न जुळणाऱ्या, आणि मधल्या, म्हणजे संशयास्पद. हा मधला ढीग माणसाने डोळ्यांखालून घालायचा असतो. यंत्राला कुठे थांबायचे हे कळले पाहिजे, ही जाणीव त्या सिद्धान्तातच होती. हा मधला ढीग लक्षात ठेवावा. पुढे तोच हरवणार आहे.

७/ व्यापारात वळण आले ते विमानाच्या तिकिटांमुळे. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी मिळून 'सेबर' ही आरक्षणप्रणाली उभारली. १९६४ पर्यंत तिचे जाळे पूर्ण झाले. कोणत्या विमानात किती जागा शिल्लक आहेत, हे सांगणे हे तिचे काम. मात्र १ मे १९८१ रोजी कंपनीने 'ॲडव्हांटेज' ही नियमित प्रवाशांची योजना सुरू केली, तेव्हा आरंभीचे सभासद शोधण्यासाठी सेबरमध्ये वारंवार येणारे फोन नंबर हुडकले गेले. जागा राखण्यासाठी दिलेला नंबर आता ग्राहक ओळखण्याची खूण झाला. बुकिंगच्या वहीतून मार्केटिंगची वही निघाली.

८/ छोट्या व्यावसायिकाच्या हाती हे सामर्थ्य आले एकविसाव्या शतकात. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन लुईस ओबिस्पो येथे 'माइंडबॉडी' ही कंपनी निघाली. योग व व्यायामाच्या स्टुडिओंचे वेळापत्रक, बुकिंग आणि पैसे सांभाळणे हे तिचे क्षेत्र. त्याच वर्षी अटलांटात ग्राहकांना ईमेल पाठवण्याची सेवा देणारी 'मेलचिंप' सुरू झाली. वर्गात कोण येते हे एका प्रकारच्या सॉफ्टवेअरला ठाऊक, पत्र कोणाला जाते हे दुसऱ्या. दोहोंमध्ये स्टुडिओचा मालक. तो एकीकडून यादी उतरवून घ्यायचा आणि दुसरीकडे चढवायचा. चढवेपर्यंत ती शिळी झालेली असायची.

९/ ही हमाली संपवणारी साधने काही वर्षांतच आली. २००७ मध्ये जेफ लिंडसे यांनी 'वेबहुक' हा शब्द रूढ केला. २०११ मध्ये मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे 'झॅपियर' सुरू झाली; प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही दोन सेवा जोडता याव्यात, हा तिचा हेतू. जोडणीचे मुख्य प्रकार दोन. शेजाऱ्याचे दार थोड्या थोड्या वेळाने ठोठावून 'काही नवे?' असे विचारणे हा एक. नवे घडताच शेजाऱ्याने स्वतः हाक मारणे हा दुसरा, तोच वेबहुक.

१०/ अशी जोडणी तीन निर्णयांवर उभी असते. माणूस कशावरून ओळखायचा? बहुधा ईमेलवरून. या वहीतला कोणता रकाना त्या वहीतल्या कोणत्या रकान्यात जाईल? आणि माहिती एकाच दिशेने वाहील की दोन्ही? इथेच तो मधला ढीग नाहीसा होतो. नवरा-बायकोचा ईमेल एकच असेल तर दोघांची मिळून एक व्यक्ती होते; एकीनेच दोन ईमेल वापरले तर तिच्या दोन होतात. संशयास्पद नोंद पाहायला कोणी कारकून बसलेला नसतो.

११/ खरी किंमत कोण मोजते, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहावे. एक स्त्री गर्भवतींच्या योगवर्गात नाव नोंदवते. बुकिंगच्या वहीतून मार्केटिंगच्या वहीत तिच्या नावापुढे 'गर्भवती' अशी खूण उमटते. तिसऱ्या महिन्यात गर्भपात होतो. ती वर्ग रद्द करते. कारण सांगत नाही, सांगण्याची गरजही नसते. 'नाव आले की खूण लाव' हा नियम मालकाने लिहिलेला असतो. 'नाव गेले की खूण काढ' हा नियम लिहिणे राहून गेलेले असते. सहा महिन्यांनी तिला पत्र येते : बाळाला घेऊन आमच्या नव्या वर्गाला या.

१२/ ती त्या पत्रातील 'पत्रे नकोत' या दुव्यावर बोट ठेवते. हा नकार मार्केटिंगच्या वहीत लिहिला जातो. जोडणी एकाच दिशेची असेल, तर बुकिंगच्या वहीला तो कळतच नाही. उद्या मालकाने पत्रांची सेवा बदलली आणि बुकिंगच्या वहीतून नवी यादी घेतली, की तिचे नाव पुन्हा यादीत. यात यंत्राची चूक नसते. नाव पुढे नेण्यात व्यापाराचा लाभ होता, म्हणून ती वाट आधी बांधली गेली. नकार मागे नेण्याची वाट बांधायची राहिली.

१३/ ती बांधून घ्यायला कायद्याला यावे लागले. अमेरिकेच्या २००३ च्या 'कॅन-स्पॅम' कायद्याने पत्रे नकोत असे कळवणाऱ्याची विनंती कामकाजाच्या १० दिवसांत पाळण्याचे बंधन घातले. २५ मे २०१८ पासून लागू झालेला युरोपचा 'जीडीपीआर' त्यापुढे गेला : संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे हवे. त्याच्या १९ व्या कलमानुसार माहिती दुरुस्त केली किंवा पुसली, तर ती ज्यांना दिली होती त्यांनाही तसे कळवावे लागते; ते अशक्य किंवा अवाजवी कष्टाचे असेल तरच सूट. आरोग्यविषयक माहितीला त्यात अधिक संरक्षण आहे.

१४/ भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यातही हे तत्त्व आहे. संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सुलभ असावे. आणि ती मागे घेतल्यावर संस्थेने वाजवी मुदतीत स्वतः थांबावे, तसेच तिच्या वतीने माहिती हाताळणाऱ्यांनाही थांबवावे. पुण्यातील वा ठाण्यातील एखाद्या छोट्या योगवर्गाच्या दृष्टीने 'तिच्या वतीने हाताळणारे' म्हणजे बहुधा हीच बुकिंगची आणि पत्रांची सॉफ्टवेअरे.

१५/ डन यांना विखुरलेली पाने एकत्र बांधायची होती, आणि ते काम आज क्षणार्धात होते. पण एखादे पान काढून घेण्याचा अधिकार ज्याचा ग्रंथ त्याचा, ही गोष्ट नोंदजोडणीच्या इतिहासात फार उशिरा लिहिली गेली. नवी जोडणी सुरू झाली की पहिली चाचणी सहसा नव्याने आलेल्या नावाची घेतली जाते. हा इतिहास पाहता ती निघून गेलेल्या नावाची घ्यायला हवी.